जामीन मंजूर झाल्यानंतरचे आठ दिवस

माझ्या धाकट्या भावाला ६ जानेवारी २०२५ रोजी, सोमवारी संध्याकाळी अटक झाली आणि ११ फेब्रुवारीला, मंगळवारी संध्याकाळी तो जिल्हा कारागृहाच्या दिंडी दरवाजातून वाकून बाहेर आला. या छत्तीस दिवसांपैकी अठ्ठावीस दिवस जामीन मिळवण्यात गेले आणि आठ दिवस मिळालेला जामीन अमलात आणण्यात गेले. पहिल्या अठ्ठावीस दिवसांबद्दल वकील, शेजारी, नातेवाईक सगळेच काही ना काही सांगत होते. शेवटच्या आठ दिवसांबद्दल मात्र आधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. ते दिवस ज्यांच्या वाट्याला येतील त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. खटला अजून चालू असल्यामुळे गाव, न्यायालय आणि माणसे यांची नावे गाळली आहेत. भावाने आरोपात म्हटलेले केले की नाही, हा या लेखाचा विषय नाही. ते न्यायालय ठरवील.

मी एका अनुदानित शाळेत सतरा वर्षे लिपिक आहे. जावक क्रमांक, साक्षांकित प्रत, शिक्का यांत माझा दिवस जातो, त्यामुळे कागदांची भीती अशी मला नव्हती. भाऊ तालुक्याच्या गावी एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होता. वसुलीचे सहा लाख चाळीस हजार रुपये त्याने परस्पर वापरले, अशी फिर्याद होती आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ (४), म्हणजे नोकराने केलेला फौजदारी विश्वासघात, लावले होते. या कलमाला जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे. हा सात वर्षांचा आकडा महत्त्वाचा आहे, हे मला फार उशिरा कळले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी आणि अटक करायचीच असेल तर तिची कारणे लेखी नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्णेश कुमार प्रकरणात सांगितलेले आहे. भावाला पोलीस ठाण्यातून फोनवर ‘जरा येऊन जा’ म्हणून बोलावले होते आणि तो स्कूटर घेऊन एकटाच गेला. असे बोलावणे आले तर लेखी नोटीस मागावी आणि ती वकिलांना दाखवूनच जावे, एवढे तरी लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले आणि १० जानेवारीपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. मग चौदा दिवसांची न्यायालयीन कोठडी. कोर्टाच्या आवारात यांना पीसीआर आणि एमसीआर म्हणतात, आणि ‘एमसीआर झाला’ हे ऐकून बाजूच्या माणसाने माझे अभिनंदन केले तेव्हा मी चक्रावले. न्यायालयीन कोठडी झाली की पोलिसांचा ताबा संपतो आणि जामिनाचा अर्ज नेटाने चालवता येतो, म्हणून ते अभिनंदन होते.

१३ जानेवारीला दंडाधिकारी न्यायालयात अर्ज दिला. त्यावर सरकारी वकील आणि तपास अधिकारी यांचे म्हणणे मागवतात, त्याला सगळे ‘से’ म्हणतात. से आला, युक्तिवाद झाला, १७ तारखेला अर्ज फेटाळला गेला. वकिलांची येथवरची फी बारा हजार रुपये होती. २० तारखेला सत्र न्यायालयात अर्ज केला, त्याची फी तीस हजार. सुनावणी २७ ला होती ती ३० वर गेली, कारण से आला नव्हता. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी सांगते: कोठडीतल्या कोणालाही, त्याचे उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मागता येतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. मी त्या कार्यालयावरून दोन आठवडे रोज जात होते आणि पाटी वाचूनही ती आपल्यासाठी नाही असे समजत होते.

तारखा पाहण्यासाठी मोबाइलवर ई-कोर्ट्सचे अॅप घ्यावे आणि वकिलांकडून प्रकरणाचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मागून घ्यावा. दर वेळी फोन करून ‘साहेब, काय झालं?’ विचारण्याची लाचारी त्यामुळे कमी होते. आणखी एक. २४ जानेवारीला कोठडीची मुदत संपत होती, म्हणून आई, भावजय आणि मी सकाळी नऊपासून न्यायालयाच्या पायरीवर बसलो होतो. आईने डब्यात गुळाची पोळी आणली होती. भावाला आणलेच नाही. कारागृहातून व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, त्याची हजेरी झाली आणि मुदत वाढली. तारखेला माणूस दिसेलच असे नसते, हे आधी विचारून घ्यावे. पोळी आम्ही तिथेच खाल्ली.

पहिली मुलाकात १५ जानेवारीला झाली होती. ई-मुलाकातीच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी केली होती, तरी खिडकीपाशी मूळ आधार कार्ड लागलेच. आमच्या कारागृहात कच्च्या कैद्याला आठवड्यातून एकदा, वीस मिनिटे भेटू देतात. मोबाइल, पर्स, पाण्याची बाटली बाहेर ठेवावी लागते. जवळच्या चहावाल्याकडे वस्तू ठेवण्याचे दहा रुपये पडतात. कपडे देता येतात, पण पायजम्याची नाडी काढून घेतात, म्हणून इलॅस्टिकचे न्यावेत. खर्चासाठी रोख घेत नाहीत, कॅन्टीनच्या खात्यावर मनीऑर्डर करावी लागते आणि ती पोचायला आम्हाला आठ दिवस लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी करून टाकावी. आत जाताना मनगटावर जांभळ्या शाईचा शिक्का मारतात. तो शिक्का शाळेत दिसू नये म्हणून मी त्या दिवशी जानेवारीतही मनगट साबणाने तीनदा घासले आणि मग लांब बाहीचा ब्लाउज घातला.

चित्रपटात भेट गजांच्या पलीकडून होते, हातात हात घेता येतो. इथे मध्ये जाड काच आणि दोन्हीकडे एकेक रिसीव्हर होता. आमचा रिसीव्हर खरखरत होता. भाऊ ओठांवर हात ठेवून बोलत होता, त्यामुळे ओठही वाचता येत नव्हते. दुसऱ्या मुलाकातीला त्याने सांगितले की, कारागृहाच्या वाचनालयातून ‘श्यामची आई’ घेतले आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे मी त्याला सांगितले, मास्तरीण नसले तरी शाळेतली सवय. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “ताई, गुरुजींना लिहायला दिवा मिळत होता की नाही कोण जाणे. इथे रात्रभर दिवा विझतच नाही. त्यानंच झोप लागत नाही.”

मुलाकातीच्या रांगेत एक मावशी दर वेळी भेटत. ऊसतोडीला जाणारे कुटुंब. त्यांच्या मुलाला जामीन होऊन तीन महिने उलटले होते आणि तो अजून आत होता, कारण पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नव्हता. खरे सांगायचे तर मला त्या वेळी वाटले की, मावशींचा काहीतरी गैरसमज होत असणार. जामीन झालेला माणूस आत कसा राहील?

३ फेब्रुवारीला, सोमवारी दुपारी साडेचारला सत्र न्यायालयाने अर्ज मंजूर केला. अटकेपूर्वी नोटीस दिली नव्हती, हिशेबाची कागदपत्रे जप्त झालेली होती आणि भाऊ पळून जाईल असे काही नव्हते, हे मुद्दे कामी आले. पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे त्याचे स्वतःचे हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. शिवाय दोषारोपपत्र येईपर्यंत दर रविवारी दहा ते बारा पोलीस ठाण्यात हजेरी. आईने पेढे आणले. भावजयीने भावाचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. हिंदी चित्रपटात वकील एक कागद टेबलावर ठेवतो आणि पुढच्या दृश्यात नायक मोकळ्या रस्त्यावर असतो. आम्हीही त्याच हिशेबाने मंगळवारी दुपारच्या जेवणाला त्याचे ताट धरले होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये हा वेळ जसाच्या तसा दिसतो, तारीख, टेबल, पुढची तारीख. तो चित्रपट पूर्वी पाहताना मला कंटाळा आला होता. आता वाटते, कंटाळा हेच त्यातले सगळ्यात खरे पात्र होते.

मंगळवारी कळले की जामीन सत्र न्यायालयाने दिला असला तरी जामीनकी तालुक्याच्या दंडाधिकारी न्यायालयात द्यायची आहे आणि त्यासाठी वरून आदेश खाली यावा लागतो. नकलेचा अर्ज त्याच दिवशी केला, नक्कल बुधवारी ५ तारखेला हातात पडली. दरम्यान भावाला मात्र आत मंगळवारीच कळले होते. आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहाकडे पाठवून बंद्याला ती पोचवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी ठरवून दिलेले आहे. पण ती प्रत म्हणजे सुटकेचा आदेश नव्हे. तो जामीनदार स्वीकारल्यानंतर निघतो. त्यामुळे भाऊ पिशवी भरून बसला होता, हे आम्हाला नंतर कळले. तीन दिवस त्याने कपडे धुतले नाहीत, ओले राहतील म्हणून.

जामीनदार म्हणून मामा तयार होते. त्यांची आटपाडीकडे साडेचार एकर जमीन आहे. बुधवारी रात्रीच्या एसटीने ते सातबारा, आठ-अ, आधार, रेशन कार्ड आणि दोन फोटो घेऊन आले. गुरुवारी कागद पाहून पहिला प्रश्न आला: जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे, मग तिकडच्या तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला आणा आणि पडताळणी होऊ द्या. फोनवर चौकशी केली तेव्हा दाखल्याला पंधरा-वीस दिवस लागतील असे उत्तर मिळाले. मामा व्हरांड्यातल्या बाकावर बसून मोठ्याने हसले. त्यांच्या आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात तिथे गुन्हेगारांना कुलपाशिवाय, शेतीवर ठेवण्याचा प्रयोग झाला आणि त्यावरूनच गदिमांनी ‘दो आँखें बारह हाथ’ लिहिला, जो शांतारामबापूंनी १९५७ साली पडद्यावर आणला. “खुन्यांवर इस्वास ठेवला आमच्या मातीनं,” मामा म्हणाले, “आन् हितं माझ्या सातबाऱ्यावर कुणाचा इस्वास न्हाई.”

हा अडथळा जुना आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून ती नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ साली त्यावर फार कडक शब्दांत लिहिले. २०२३ च्या ज्या निर्देशांचा वर उल्लेख केला, त्यांतही स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका लांबत असेल तर ती अट घालू नये असे म्हटले आहे. हे सगळे मी रात्री मोबाइलवर वाचले आणि शुक्रवारी सकाळी वकीलसाहेबांना त्वेषाने सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे. पण या मुद्द्यावर भांडून आदेश मिळवायला दहा दिवस लागतील. तुम्हाला तत्त्व पाहिजे की भाऊ?”

त्यांनी सुचवलेला मार्ग तात्पुरत्या रोख जामिनाचा होता. जामीनदाराऐवजी तेवढी रक्कम न्यायालयात भरायची आणि जामीनदार आणण्यासाठी चार आठवड्यांची मुदत मागायची. ७ तारखेला शुक्रवारी अर्ज दिला. ८ तारीख म्हणजे दुसरा शनिवार, ९ ला रविवार. न्यायालय बंद, कारागृह चालू. अटकेच्या किंवा आदेशाच्या आसपास दुसरा किंवा चौथा शनिवार येतो का, हे कॅलेंडरवर आधी पाहावे. आम्ही पाहिले नव्हते.

सोमवारी १० तारखेला अर्ज मंजूर झाला. नाझराकडे, म्हणजे न्यायालयाचे पैसे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, रोख भरण्याची वेळ अडीचपर्यंत होती, आम्ही एकला भरली. पावती मिळाली. बंधपत्रावर सह्या, टंकलेखन, मग साहेबांची सही, असे करता करता चार वाजले. सुटकेचा आदेश घेऊन न्यायालयाचा शिपाई बसने जिल्ह्याच्या गावी निघाला आणि मी त्याच बसमध्ये, दोन बाके मागे. बेचाळीस किलोमीटरला दीड तास लागला. कारागृहाच्या दारात पोचलो तेव्हा संध्याकाळची बंदी झालेली होती. आत मोजदाद होऊन बॅरकी बंद झाल्या की त्या दिवशी सुटका नाही. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेरची जामीनपेटी, म्हणजे सुटकेचे आदेश टाकण्याची पेटी, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली होती. एका मोठ्या अभिनेत्याच्या मुलाला गुरुवारी जामीन झाला, कागद वेळेत पेटीत पडला नाही आणि तो शनिवारी सकाळी बाहेर आला. तेव्हा आम्ही घरी बसून त्यावर विनोद केले होते.

मंगळवारी सकाळी साडेसातला आदेश उघडला गेला आणि नऊ वाजता खिडकीतून मला सांगण्यात आले की सुटका होणार नाही. कारागृहाच्या वॉरंटवर वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’, आदेशावर ‘दत्ता’. दुसऱ्या कोणाला सोडले जाऊ नये म्हणून त्यांना अक्षर न् अक्षर जुळवावे लागते आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. सोमवारी टंकलेखन चालू असताना मी त्या टेबलापाशी उभी होते. शाळेत दाखल्यावरची वेलांटी चुकली तर परत पाठवणारी मी, पण तो कागद मी वाचला नव्हता. सुटकेचा आदेश न्यायालयाबाहेर पडण्याआधी पाच गोष्टी ताडून पाहाव्यात: पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक, प्रकरण क्रमांक आणि कलमे. अटकेच्या वेळच्या वॉरंटची झेरॉक्स जवळ ठेवली तर हे दोन मिनिटांचे काम आहे. माझ्या दोन मिनिटांची किंमत भावाने एक दिवस आणि एक रात्र भरली असती; दिवस गेलाच, रात्र वाचली, कारण वकीलसाहेबांच्या ज्युनिअर मुलीने दुपारच्या सुट्टीपूर्वी दुरुस्तीचा अर्ज साहेबांपुढे ठेवला आणि दुरुस्त आदेश चारला कारागृहात पोचला.

सात वाजून दहा मिनिटांनी मोठ्या दरवाजातला छोटा दिंडी दरवाजा उघडला. भावाच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि अंगात जाताना घातलेलाच शर्ट, गळ्यापाशी ढिला झालेला. इस्त्रीचा निळा शर्ट घरीच राहिला होता. तो आईच्या पाया पडला, मग रिक्षात बसताना दार लावायला हात पुढे केला आणि थांबला. रिक्षाला दार नव्हतेच. मला काही बोलता आले नाही म्हणून मी त्याला त्या दिवशी भाकरीबरोबर काय खायचे ते विचारले. तो म्हणाला, “काहीही, पण दिवा मालवून झोपायचं.”

रोख जामीन तात्पुरता होता, म्हणून जामीनदाराचा शोध चालूच होता. मामांचा ऐपतीचा दाखला काही निघाला नाही. त्याच ज्युनिअर मुलीने मार्चच्या सुरुवातीला सहज विचारले, “ताई, तुमची नोकरी कायम आहे ना?” कायम नोकरी असलेल्या माणसाची पगारपत्रके, कार्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र यांवरही जामीनकी घेतली जाते, आणि ती व्यक्ती सख्खी बहीण असली तरी चालते. मी महिनाभर इतरांच्या जमिनी शोधत होते. घरातले एक वडीलधारे म्हणाले की बाईमाणसाने कोर्टात जामीन राहणे बरे दिसत नाही. त्यांच्या नावावर नऊ एकर आहे, एवढेच मी त्यांना आठवण करून दिले. मुख्याध्यापकांकडे पत्र मागताना मात्र पाय जड झाले, कारण तोपर्यंत शाळेत मी कोणाला काही सांगितले नव्हते. त्यांनी पत्र वाचले, सही केली, आणि जावक क्रमांक माझा मलाच टाकायला सांगितला.

३ मार्चला दोषारोपपत्र दाखल झाले. ५ मार्चला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभी राहिले. न्यायाधीशांनी विचारले, यापूर्वी कोणाला जामीन राहिला आहात का. आरोपी हजर झाला नाही तर पंचवीस हजार तुमच्याकडून वसूल होतील, हे समजते का? मी ‘हो’ म्हटले. प्रतिज्ञापत्रावर सही केली. चार मिनिटे लागली असतील.

एकूण खर्च, भरलेले पंचवीस हजार धरून, चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास गेला.

मुलाकातीच्या रांगेतल्या मावशींना मी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शोधून काढले आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन गेले. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते आणि महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते, हेही २०२३ च्याच निर्देशांत आहे. गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली, तिच्यातून तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम मिळू शकत होती. हे मला सगळे तोंडपाठ झाले होते. मावशींनी मात्र टेबलापलीकडच्या बाईंना एकच विचारले, “ह्यासाठी सातबारा लागतो का?” नाही म्हटल्यावर त्यांनी अंगठा उठवला. मार्चअखेर रक्कम कमी होऊन मुलगा सुटल्याचा त्यांचा फोन आला. पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज इतका होता की पुढचे काही ऐकू आले नाही.

भाऊ आता दुसरीकडे, मालाच्या गोदामात काम करतो, हिशेबाला हात लावत नाही. तारखेला मी रजा टाकून त्याच्याबरोबर जाते, जामीनदार म्हणून जावे लागत नाही, तरी जाते. भरलेली रोख रक्कम परत मिळण्याचा अर्ज मार्चमध्येच दिला आहे. त्याला मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही. ती मी शाळेतल्या माझ्या कपाटात, सेवापुस्तकाच्या खाली ठेवली आहे.